घरासाठी वायरवालं ड्रिल मशीन कोणतं घ्यावं? (बजेट ५ हजार)

सोनचाफा

नमस्कार मंडळी. पुनावळ्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. पडद्यांचे रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट, पाण्याचा फिल्टर, बाथरूममधले टॉवेल रॉड आणि आरसा अशी यादी आहे. दर वेळी माणूस बोलवायचा तर तो भोकामागे पैसे घेतो, शिवाय "उद्या येतो" म्हणून परवाही उगवत नाही. यांना बाल्कनीत लाकडाचं काहीबाही करायची हौस आहे, स्टूल, शेल्फ, कुंड्यांचे स्टँड वगैरे. आणि सासरी राजापूरला जुनं घर आहे, तिथे गेलं की डागडुजी निघतेच.

वायरवालंच हवं, कारण महिनोन्महिने कपाटात पडून राहणार. बजेट बिटांसकट पाच हजार. दुकानदार म्हणतो, "ताई, ८५० वॅटचं घ्या, ५०० मध्ये काही होत नाही." ऑनलाइन पाहिलं तर नाव न ऐकलेल्या कंपनीचं १००० वॅट, १३ एमएम, वर शंभर नगांची पेटी, सगळं दोन हजारांत. डोकं चक्रावलंय. कोणी वापरणारं असेल तर सांगा.

उद्यमनगरकर

मशीन नंतर. आधी भिंत कसली आहे ते सांगा. वीट, ब्लॉक, का सगळं मायव्हान, म्हणजे साच्यात ओतलेलं काँक्रीट?

सोनचाफा

ते कसं ओळखायचं? रंग मारलेल्या सगळ्या भिंती सारख्याच दिसतात की!

फ्यूजवाले काका

सोपं आहे. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. ब्लॉकच्या भिंतीचा आवाज जरा पोकळ येतो, काँक्रीटचा अजिबात येत नाही, फक्त बोट दुखतं. खात्री करायची तर कपाटामागे किंवा पेल्मेटच्या वर, जिथे दिसणार नाही अशा जागी बारीक भोक मारा आणि भुकटी पाहा. आधी गिलाव्याची करडी येईल, ती सोडून द्या. त्यानंतर लाल आली की वीट. पांढरट, पिठासारखी भराभर आली की सिपोरेक्स किंवा तसलाच हलका ब्लॉक. गिलावा लागलाच नाही, दोन-चार एमएम पुट्टीखाली थेट करडं, बारीक पीठ आणि बिट पुढे जायचं नाव घेत नाही, म्हणजे काँक्रीट.

जुन्या इमारतीत काँक्रीट फक्त कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये असायचं. पडद्याचा रॉड नेमका खिडकीवरच्या लिंटेलमध्ये (आडव्या काँक्रीटच्या पट्टीत) येतो, म्हणून तिथेच सगळ्यांचा घाम निघतो. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या नव्या टॉवरमध्ये मात्र आतल्या-बाहेरच्या बऱ्याचशा भिंती काँक्रीटच्याच असतात.

बॅटरीबहाद्दर

वायरवालं का पण? २०२० नंतर कोणी वायर ओढत बसतं का? १८ व्होल्टचं घ्या, स्टुलावर चढून एका हातात धरता येतं. एक्स्टेन्शन बोर्ड शोधण्यात निम्मा रविवार जातो.

ठोकळेशास्त्री

बहाद्दर, स्क्रू पिळायला बॅटरीवालंच उत्तम, याबद्दल वाद नाही. पण त्यांनी लिहिलंय की मशीन महिनोन्महिने पडून राहणार. बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पाच-सहा वर्षांनी नवी घ्यायला जावं तर ते मॉडेल बंद झालेलं असतं, किंवा दोन बॅटऱ्यांच्या पैशात नवं मशीन येतं. वायरवालं दहा वर्षांनी काढा, प्लग लावा, फिरेल. आणि वीस एमएमचं चपटं बिट जाड लाकडात चालवताना तुमची छोटी बॅटरी किती वेळ तग धरते ते तुम्हालाही ठाऊक आहे.

बॅटरीबहाद्दर

बरं बाबा. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

उद्यमनगरकर

आता जरा सविस्तर. ताई, दुकानदाराचं वॅटपुराण सोडून द्या. वॅट म्हणजे मशीन वीज किती खाते तो आकडा. भिंतीत किती जाते ते त्यावरून कळत नाही.

भिंतीत भोक पाडणारी मशिनं दोन जातीची. एक इम्पॅक्ट ड्रिल. त्यात चकामागं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) दातेरी चकत्यांची जोडी असते, हॅमरचं बटण दाबलं की एक चकती दुसरीवरून उड्या मारते आणि बिट पुढंमागं थरथरतं. मिनिटाला चाळीस हजाराच्या वर ठोके, पण एकेक ठोका लय किरकोळ. त्यातला जोर तुमच्या खांद्यातून येतो. दाबलं तर ठोका, सैल सोडलं की नुसतं फिरणं. वीट, ब्लॉक, गिलावा यांना हे भरपूर झालं.

दुसरी रोटरी हॅमर. तिच्यात मोटर पिस्टन हलवते, पिस्टन पुढची हवा दाबतो आणि ती हवा आतला लोखंडी ठोकळा बिटाच्या बुडावर आपटते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक दोन ते तीन ज्यूलचा (ज्यूल म्हणजे ठोक्याच्या जोराचं माप). तुम्ही फक्त सरळ धरायचं. म्हणून सातशे-आठशे वॅटची रोटरी काँक्रीटमध्ये सरसर जाते आणि त्याच वॅटचं इम्पॅक्ट तिथं बिट तापवून लाल करतं. रोटरी घेताना खोक्यावर ज्यूल बघा. घराला दोनच्या आसपास बास.

रोटरीचा चकही वेगळा, एसडीएस प्लस. बिटाचा दांडा १० एमएमचा, त्याला खाचा असतात. आत ढकललं की टकदिशी बसतं, चावी लागत नाही. ही पद्धत बॉशनं १९७५ ला आणली, आता सगळ्याच कंपन्या वापरतात. साध्या ड्रिलचं गोल दांड्याचं बिट यात बसत नाही, आणि हे तिकडं बसत नाही.

बॉशच्या नावांत लोक गोंधळतात म्हणून सांगतो. जीबीएम म्हणजे नुसतं फिरणारं, जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट, जीबीएच म्हणजे रोटरी. शेवटी आरई असेल तर उलटंसुलटं फिरतं आणि वेग कमीजास्त होतो. जीएसबी ५०० आरई ५०० वॅटचं, १० एमएम चकाचं. जीएसबी १३ आरई ६०० वॅट, १३ एमएम. रोटरीत जीबीएच २-२६ ची मशिनं ८०० वॅटची, २.७ ज्यूलची, पण ती तुमच्या बजेटच्या बाहेर. मकिता, हायकोकी, डिवॉल्ट यांच्यातही हीच वर्गवारी आहे. आमच्याकडं शिरोळला केपीटी आहे, पूर्वीची कुलकर्णी पॉवर टूल्स. जवळपास सर्व्हिस मिळत असेल तर तीही बघा. माझा साधा नियम आहे, ज्याचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि कार्बन (त्याला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) तुमच्या गावात मिळतं तेच मशीन चांगलं.

आणि ते दोन हजाराचं हजार वॅटवालं. खरी हजार वॅटची मोटर म्हणजे तांबं भरपूर लागतं, वजन येतं. हातात घेऊन बघा, खेळण्यासारखं हलकं लागलं तर आकडा फक्त स्टिकरवर आहे असं समजा.

सुपारीएवढं खांड

उद्यमनगरकर, प्रतिसाद जतन करून ठेवलाय. १३ एमएमचा चक म्हणजे १३ एमएमचं भोक लोखंडात पडतं का?

उद्यमनगरकर

नाही. चकात काय मावतं तेवढंच ते सांगतं. मशीनची कुवत पुस्तिकेत वेगळी दिलेली असते. ५०० वॅटच्या मशीनला लोखंडात ८, काँक्रीटमध्ये १०, लाकडात २० असं काहीतरी दिसेल. त्यातला काँक्रीटचा आकडा कंपनीच्या समाधानासाठी.

लोखंडात खरी अडचण वेगाची. एमएसला (साध्या लोखंडाला) एचएसएस (हायस्पीड स्टील) बिटाचा कापायचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा. मग ६ एमएम बिट १३०० फेऱ्यांच्या आसपास फिरायला पाहिजे, १० एमएमचं ८०० ला. घरगुती ड्रिल पूर्ण दाबलं की २६०० ते ३००० ने पळतं. पोरं ट्रिगर शेवटपर्यंत दाबतात, बिटाचं टोक निळं पडतं आणि मग बिटाला शिव्या. एसएसला (स्टेनलेस स्टीलला) तर याच्या निम्म्याहून कमी वेग, भरपूर दाब आणि तेलाचे थेंब. जो रोज लोखंडच मारणार त्यानं दोन गिअरचं किंवा मागं डी हँडल असलेलं हळू फिरणारं मशीन घ्यावं. जुन्या फॅब्रिकेशनच्या शेडमधी अॅल्युमिनियम बॉडीची रॅलीवुल्फ कंपनीची मशिनं दिसतात अजून. वजनानं मनगट मोडतं, पण चालतात. फक्त धातूची बॉडी म्हणजे अर्थिंग शाबूत पाहिजे, तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावायचा नाही.

फ्यूजवाले काका

अर्थिंगवरून आठवलं. हल्लीच्या प्लास्टिक बॉडीच्या मशीनला दोनच पिना असतात, त्यामुळे लोक घाबरतात. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. ६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला अडीच अँपिअरच्या आसपास. ६ अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो, गिझरच्या सॉकेटची गरज नाही. एक्स्टेन्शन मात्र मोबाइल चार्ज करायचं बारीक वायरीचं नको. ती गुंडाळलेलीच ठेवून वापरली तर गरम होते, पूर्ण उलगडा.

भिंतीतल्या वायरी साधारणपणे स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली जातात. त्या पट्ट्यात भोक मारायचं नाही. बाथरूममध्ये नळाच्या आणि शॉवरच्या सरळ रेषेतही नाही. कारण पाण्याचा पाइप भिंतीत असतो आणि तो फुटला की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. डीबीमध्ये (स्विचांच्या मेन पेटीत) ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आहे ना, तो टेस्ट बटण दाबून पडतो का ते काम सुरू करण्याआधी पाहा.

चिरेबंदी

राजापूर वाचून आलो. आमचं घर तिथून फार लांब नाही.

ताई, तिथे चिऱ्याचं घर असेल तर रोटरी नेऊच नका. चिरा म्हणजे जांभा दगड, मऊ आणि भोकाभोकांचा. हॅमर लावलात तर ८ चं भोक १२ चं होतं आणि स्क्रूसाठी भिंतीत घातलेला प्लग आत गोल फिरत बसतो. हॅमर बंद ठेवून, साध्या फिरण्याने, बिट एक नंबर लहान घेऊन मारा आणि लांब प्लग वापरा. दोन चिऱ्यांच्या मधल्या सांध्यात तर मुळीच नको. जुन्या घरात तिथे माती किंवा चुना असतो, स्क्रू उद्या हातात येईल. भिंतीला बाहेरून गिलावा नसेल तर सांधा दिसतो, आतून असेल तर बाहेर जाऊन अंदाज घ्या.

आमच्याकडे वासे किंजळीचे. इतकं जुनं लाकूड की खिळा वाकतो. आधी स्क्रूच्या गाभ्याएवढं भोक मारून घ्यावं लागतं, मगच स्क्रू जातो. त्यासाठी ५०० वॅटचं साधं मशीन पुरतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मशीन घुमायला लागतं, तेव्हा रेटू नका. सकाळी करा.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी दुकानात सांगत नाही. बिल्डरच्या साइट ऑफिसात जाऊन विचारलं. मायव्हानच आहे! फक्त स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनीमधली एक भिंत ब्लॉकची. राजापूरचं घर चिऱ्याचं. म्हणजे इथे रोटरी हवी, तिथे नको, आणि लाकडाला साधं ड्रिल. पाच हजारांत दोन मशिनं कशी बसवू?

बॅटरीबहाद्दर

हलकी रोटरी घ्या. तिला एसडीएसवर बसणारा साध्या चकाचा अॅडॉप्टर मिळतो. हॅमर बंद केलं की तेच साधं ड्रिल. एका मशीनमध्ये काम भागलं.

ठोकळेशास्त्री

हे भिंतीवाल्यांचं तत्त्वज्ञान झालं. एसडीएसमध्ये बिट मुद्दाम सैल बसतं, कारण ते पुढंमागं सरकायला हवं. त्यावर अॅडॉप्टर, त्यावर चक, म्हणजे टोक डोलणार. भिंतीत चालेल. पण ८ एमएमच्या लाकडी डॉवेलचं (जोडाच्या खुंटीचं) भोक डोललं तर स्टूल डुगडुगतं. रोटरी लांबलचक आणि समोरून जड, शेल्फच्या आत वाकून भोक मारायला अगदी वाईट.

लाकूडकाम करायचं असेल तर मशीनची मान (चकामागचा गोल भाग) ४३ एमएमची आहे का पाहा. बऱ्याच ड्रिल स्टँडना तेवढीच मान लागते. स्टँडला लावलं की घरच्या घरी उभं ड्रिलिंग मशीन तयार, काटकोनात भोकं पडतात. प्लायला भोक मारताना मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा शिकंज्याने आवळून ठेवायचा, नाहीतर बिट बाहेर पडताना सनमायकाचे टवके उडतात. आणि लाकडात हॅमर कधीच नाही.

उद्यमनगरकर

शास्त्रींना +१. ताई, माझं मत सांगतो. फ्लॅटमधली भोकं एकदाच मारायची आहेत. त्याला रोटरी विकत कशाला? हार्डवेअरवाले, टूल्सवाले दिवसाच्या भाड्यानं देतात. सगळ्या जागा आधी पेन्सिलीनं आखून ठेवा, सकाळी आणा, संध्याकाळी परत. ५००-६०० वॅटचं चांगलं इम्पॅक्ट, वेग आणि उलटसुलटवालं, तेवढं विकत घ्या. ते लाकडाला, राजापूरला आणि त्या एका ब्लॉकच्या भिंतीला जन्मभर चालेल. उरलेले पैसे बिटांवर घाला.

ती शंभर नगांची पेटी घेऊ नका. त्यातलं काँक्रीट बिट दोन भोकांत बोथट होतं आणि लोक म्हणतात मशीनच कमकुवत. सुटी घ्या. कार्बाइड टोकाची ६, ८ आणि १० एमएम. लोखंडासाठी एचएसएसची ३ ते ८ मधली चार-पाच. लाकडासाठी मधे अणकुचीदार टोक असलेली. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवीला सुटी भरपूर मिळतात.

शिकागोची शेवंता

एक भर घालते. माझ्या भावाने इकडून हौसेने ड्रिल नेलं होतं, ते नागपूरला पोचल्याच्या दिवशीच जळलं. इकडची मशिनं १२० व्होल्टची. प्लगचा अॅडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण ते ओझं घेऊन शिडीवर कोण चढणार? इकडे घरात भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड, त्यामुळे हॅमर लागतच नाही. ते मशीन तुमच्या बीमपुढे काय करणार होतं देव जाणे. पाहुण्यांकडून मागवायचंच असेल तर बिटं मागवा.

सोनचाफा

भाड्याची कल्पना एकदम पटली. टाइल्सचं सांगा ना कोणीतरी. बाथरूमच्या टाइल्सचीच भीती वाटते.

फ्यूजवाले काका

टाइलवर आधी चिकटपट्टीची फुली मारा, तिच्यावर खूण करा. पट्टीमुळे बिट घसरत नाही. चकाकीच्या साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकासारखं काचेचं बिट चालतं. व्हिट्रिफाइड असेल तर तेही घासून संपतं, तिथे डायमंडचं पोकळ बिट लागतं. ते सुरुवातीला थोडं तिरकं धरायचं, चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू सरळ करायचं. वेग कमी, दाब कमी, हॅमर बंद. दुसऱ्याने बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून पाण्याची बारीक धार सोडायची. धार बिटावर, मशीनवर नाही, म्हणून बाजूने. टाइल आरपार झाली की आवाज एकदम बदलतो, किणकिण थांबून घरघर येते. तिथे थांबून सगळं पुसून कोरडं करायचं, मग काँक्रीटचं बिट आणि हॅमर. टाइलच्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर तरी आत राहा. शक्य असेल तर भोक दोन टाइल्समधल्या फटीत घ्या, पुढे कधी बुजवलं तर दिसणार नाही.

अवांतर: भिंतीतला तो नायलॉनचा प्लग आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसाने १९५८ मध्ये काढला. त्याआधी आपल्याकडे सुतार लाकडी गट्टू ठोकून बसवायचे. जुन्या घरात पडद्याच्या दांड्यामागे अजून सापडतात.

चिरेबंदी

गॉगल कोणी लिहिलाच नाही. डोक्याच्या वर भोक मारताना भुकटी सरळ डोळ्यात येते. काँक्रीटची भुकटी नाकातही वाईट, मास्क लावा. आणि मोजे-ग्लोव्हजवाल्यांनो, फिरणाऱ्या बिटाजवळ सैल कापडी हातमोजे, ओढणी, मोकळे केस नकोत.

सोनचाफा

अपडेट. ६०० वॅट, १३ एमएमचं आरई घेतलं, बिटांसकट बजेटमध्ये बसलं आणि रोटरीचं भाडंही निघालं. रोटरी चिंचवडहून आणली. काकांनी सांगितल्याप्रमाणे आरसीसीबी तपासला. टीव्हीच्या एका भोकात मध्येच बिट अडकून मशीनने हाताला हिसका दिला. सळई होती. दोन सेंटीमीटर सरकवून दुसरं मारलं, ब्रॅकेटच्या लांबट खाचेत बसलं. खाली कागदाचं पाकीट दुमडून पट्टीने चिकटवलं होतं, त्यामुळे सोफ्यावर धूळ नाही. टाइल एकही फुटली नाही, बाटलीवर मुलगी होती!

एक शंका. नवं मशीन चालवताना मागच्या फटींतून निळसर ठिणग्या दिसतात, वासही येतो. परत करू का?

उद्यमनगरकर

बारीक निळ्या ठिणग्या म्हणजे कार्बन अजून बसले नाहीत. थोडा वेळ मोकळं फिरवा, कमी होतील. पिवळ्या-लाल मोठ्या दिसल्या, मोटरच्या टोकाला गोल जाळाचं कडं दिसलं किंवा वेग आपोआप कमीजास्त झाला तर मात्र दुकानात न्या, वॉरंटी आहे. स्वतः उघडू नका, वॉरंटी जाईल. मशीन तापलं की बंद करून ठेवायचं नाही, मिनिटभर रिकामं फिरवायचं. आतला पंखा मोटरवरच असतो, मोटर थांबली की तोही थांबतो. पुढं काही वर्षांनी कार्बन झिजले की जोडी शंभर-दीडशेत येते. दोन्ही एकदम बदला.

सुपारीएवढं खांड

ताई, रोटरी दिवसाला कितीला मिळाली? मलाही वाकडला हवी आहे.

सोनचाफा

चारशे भाडं, दोन हजार डिपॉझिट. बिट आपलं न्यायचं, ते देत नाहीत. ८ चं एसडीएस माझ्याकडे आहे, पुनावळ्याला येऊन न्या.